गुंतवळ

मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण ज्या कुणाला सुचली त्याच्या शेजारी अन्नपूर्णाबाईच राहत असाव्यात. निदान माझ्या शेजारी त्या राहत होत्या, भिंतीला भिंत लागून, आणि लग्न होऊन मी त्या आळीत आले तेव्हापासून त्यांना बिनकाळजीचं बसलेलं मी पाहिलं नाही. दूध उतू गेलं तर काळजी, आणि नाही गेलं तर गवळ्याने पाणी घातलं असेल ही काळजी. मांजर आडवं गेलं की थांबायच्या, आणि थांबल्यामुळे उशीर झाला म्हणून पुन्हा धास्तावायच्या. यजमान चिंतामणराव तहसील कचेरीत कारकून होते, सरळ आणि अबोल माणूस. एकुलती एक मुलगी शैलजा, नुकतीच मॅट्रिक झालेली, बापासारखी रंगाने उजळ आणि सुदैवाने आईसारखी भित्री नसलेली. तिच्या लग्नाची काळजी मात्र ती पाळण्यात असल्यापासून सुरू झाली होती.

मी मुलींच्या शाळेत शिकवायची, आणि जिभेने जरा फटकळच. ‘बाई, उरलेली काळजी शिंक्यात टांगून ठेवा, उद्याला कामी येईल,’ असं मी त्यांना तोंडावर म्हणायची. त्यांना त्याचा राग येत नसे. ‘तुमचं लेकरू मोठं होऊ द्या, मंग सांगजा मले,’ म्हणून त्या हसायच्या आणि पुढची काळजी काढायच्या. जोवर त्या बोलून दाखवत होत्या तोवर सगळं ठीक होतं. एका दिवाळीच्या सुमाराला त्या बोलायच्याच बंद झाल्या.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. नवं राज्य, नव्या योजना. आमच्या नगरपालिकेच्या वाट्याला आली ती कचऱ्याची योजना. गावाबाहेर नाल्यापलीकडे मोठाले खड्डे खणून त्यात गावचा कचरा कुजवायचा आणि त्याचं खत शेतकऱ्यांना द्यायचं. उन्हाळ्यात खेड्यापाड्यांतून, पार जानेफळकडून, बैलगाड्या खत न्यायला यायच्या. पहिल्याच वर्षी तक्रारी आल्या की खतातून काचा निघतात, खिळे निघतात, कुणाच्या तरी बैलाच्या खुरात फुटकी बाटली घुसली. मग दवंडी पिटली गेली. कुजणारा कचरा टोपलीत ठेवा, न कुजणारा डब्यात ठेवा, गाडी सकाळी दारावर येईल, उकिरड्यावर कुणी काही फेकायचं नाही.

ऐकायला हे सोपं होतं. पण आमच्या आळीतल्या बायकांच्या घरात कचऱ्याचे दोनच प्रकार कधी नव्हते. खरकटं वेगळं, ते गाईला. राख वेगळी, ती भांड्यांना. निर्माल्य वेगळं, ते नदीला. त्याला कचरा म्हटलेलंसुद्धा चालत नसे. दिवे लागल्यावर काढलेला केर वेगळा, तो कोपऱ्यात झाकून ठेवायचा, कारण तिन्हीसांजेला केर बाहेर गेला की त्याच्यामागून लक्ष्मीही जाते. आणि विंचरताना फणीत निघालेले केस, म्हणजे गुंतवळ, ते तर कुठेच टाकायचं नाही. आपले केस परक्याच्या हाती पडले आणि त्यावर कुणी काही करणी केली म्हणजे? ते बोटावर गुंडाळून कोनाड्यात साठवायचं आणि केसवाली आली की तिला देऊन सुया, बिबे, फण्या घ्यायच्या. केसवाली परकी नव्हती का, असं मला विचारू नका. तिचा मान वेगळा.

एवढ्या सगळ्याला दोन भांडी कशी पुरणार? समोरच्या कलाबाईने आंब्याच्या कोया ‘न कुजणाऱ्या’ म्हणून डब्यात भरल्या. ‘साल झालं, अंगनात पडेल हायेत, तशाच्या तशा,’ असं तिचं म्हणणं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

गाडीबरोबर दोन माणसं असायची. सोजराबाई टोपल्या उचलून गाडीत रिकाम्या करायची, आणि कारभारी मुकादम डबे तपासायचा. टोपलीत हात घालायची त्याला किळस होती, पण डब्याची हौस दांडगी. भर रस्त्यात पोतं पसरून तो डबा त्यावर ओतायचा आणि तमाशातल्या सोंगाड्यासारखा मोठ्याने सांगायचा, ‘वकीलसाहेबाचा आरसा फुटला बरं का! अन् हे पाहा, मास्तरच्या घरी केस काये करायची शिशी!’ हे मास्तर म्हणजे आमचेच यजमान. मी त्या दिवशी कारभारीची अशी खरडपट्टी काढली की पुढे आमचा डबा तो मुकाट्याने ओतू लागला. पण महिन्याभरात आळीला एकमेकांबद्दल जे कळलं ते इतक्या वर्षांच्या शेजाराने कळलं नव्हतं. गाडीची घंटा वाजली की बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या.

अन्नपूर्णाबाई मात्र घंटा वाजली की आत जायच्या. त्यांचा डबा कायम रिकामा. ‘आमच्या इथी काही फुटतच नाई,’ असं त्यांनी एकदा कारभारीला दाराआडून सांगितलं. टोपली मात्र शिगोशीग भरलेली असे.

मला शंका आली ती केसवालीवरून. अन्नपूर्णाबाईंचे केस म्हणजे आळीचा अभिमान होता. दाट, गुडघ्यापर्यंत. केसवाली पहिली हाक त्यांच्या दारात द्यायची. त्या हिवाळ्यात ती आली तर यांनी अर्धंच दार उघडलं. ‘नाई बाई, आता काही निंगत नाई केस.’ आणि अंगणात त्यांची फणी उन्हात पडलेली, तिच्यात मूठभर केस अडकलेले मला माझ्या ओट्यावरून दिसत होते. केसवालीलाही दिसले. ती बिचारी माझ्याकडे पाहून खांदे उडवून पुढे गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारच्या वेळी शैलजा धावत आली. ‘काकू, लवकर चला. आईचा हात कापला.’

गेले तर अन्नपूर्णाबाई चुलीपुढे बसलेल्या. समोर लाल भोपळा होता, आमच्याकडे त्याला कोहळं म्हणतात. त्याला वरून झाकणासारखा काप घेतलेला आणि आतून पोखरलेला. डाव्या तळव्यातून रक्त ठिबकत होतं. मी पदर फाडून हात बांधायला बसले तेव्हा मला कोहळ्याच्या आतलं दिसलं. अंगठ्याएवढ्या काचेच्या बाटल्या होत्या, रबरी बुचाच्या, इंजेक्शनच्या. प्रत्येकीभोवती केसांचं गुंतवळ घट्ट गुंडाळलेलं होतं. एक फुटली होती, तीच तळव्यात शिरली होती.

‘हे काय हो, अन्नपूर्णाबाई?’

‘केस गुंडायले म्हनजे वाजत नाई,’ त्या म्हणाल्या. रक्त वाहत होतं, आणि त्या मला हे समजावून सांगत होत्या.

मग शैलजाला पाणी आणायला विहिरीवर पाठवून त्या बोलल्या. चिंतामणरावांना क्षय होता. पितृपक्षात खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा बुलढाण्याला नेऊन छातीचा फोटो काढला. तेव्हापासून कंपाउंडर घरी येऊन इंजेक्शन देत होता. आळीला सांगितलं होतं की अंगात रक्त कमी आहे, ताकदीची सुई आहे, आणि आम्ही सगळ्यांनी ते मानलंही होतं. कंपाउंडर सुई तेवढी घेऊन जायचा आणि रिकामी बाटली खिडकीत ठेवून जायचा. डॉक्टरांनी सांगितलेली अंडी त्या पहाटे उकडायच्या, आणि टरफलं पाट्यावर वाटून तुळशीच्या मुळाशी घालायच्या. टरफलं वाटता येत होती, बाटल्या वाटता येत नव्हत्या. उकिरडा होता तोवर अंधारात तिथे एकेक टाकता येत होती. आता उकिरडा बंद, आणि डब्यात टाकावी तर कारभारी ती रस्त्यात ओतून नाव घेऊन ओरडणार.

‘त्याइले टीबी हाय हे या गल्लीले समजलं, तं माह्या शैलीचं कसं होईन?’ त्या म्हणाल्या. ‘टीबीच्या घरची पोरगी कोन करन, सांगा तुमी. शिकेलसवरेल हा ना?’

मी शिकलेली होते, आणि लोक काय करतात तेही पाहिलेलं होतं. त्या काळी क्षय झालेल्या घरचं लोक पाणी पीत नसत. पेला दिला तर हात मागे घेत. अशा घरची मुलगी कोणी केलेली मी ऐकली नव्हती, मोडलेली लग्नं मात्र ऐकली होती. तरी मी म्हटलं, ‘मग विहिरीत नाहीतर नदीत टाकायच्या.’

‘विहिरीचं पानी सारे पेतात. नदीवर बाया धुनं धुतात, कोनाच्या पायाले लागन.’

‘मी नेते. शाळेच्या मागे पुरते.’

‘पोरं खेळतात तिथी!’ त्या इतक्या जोराने म्हणाल्या की मीच दचकले. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘मी पान्यात उकयून घेतली हरेक बाटली. वरचा कागद धुऊन काढला. दुखनं कोनाले जाऊ नये. पन बैलाच्या पायाचं भेव वाटते. म्हनून केस. केस गुंडायले तं फुटत बी नाई अन् वाजत बी नाई.’

भंगारवाल्याला द्याव्यात तर त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. रॉकेलच्या चिमण्या कराव्यात तर एखादी चिमणी प्रत्येक घरात असते, पण एकाच घरात इतक्या बाटल्या आल्या कुठून? प्रत्येक वाटेवर त्या जाऊन परत आलेल्या होत्या. निर्माल्यात लपवायचं तेवढं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. देवाच्या फुलांत दुखणं गुंडाळायची बाई ती नव्हे. शेवटी उरलं कुजणाऱ्याच्या टोपलीतलं कोहळं. त्यांना फटकारावंसं वाटलं नाही अशी ती माझी पहिलीच वेळ.

पुढचे कित्येक महिने मग आम्ही दोघी त्या टोपलीला भीत होतो. माझ्या घरची कोहळ्याची सालं, दुधीचे शेंडे, केळीची पानं मी भिंतीवरून त्यांना द्यायची. कोहळी संपली तेव्हा त्यांनी शिळ्या पिठाचे गोळे केले आणि त्यात एकेक बाटली भरली. गाडीची घंटा वाजली की त्या देवघरापुढे जाऊन बसत. एके सकाळी सोजराबाईने टोपली डोक्यावर घेताना जरा कण्हून म्हटलं, ‘आज लई जड लागून राह्यली माय. कोहयात सोनं भरलं का?’

थट्टाच होती ती. पण चोराच्या मनात चांदणं. अन्नपूर्णाबाईंनी त्या दिवशी घासाला हात लावला नाही. ‘तिनं पाह्यलं असन. नाई तं सोनं काऊन म्हनलं? कोहयाचंच नाव काऊन घेतलं?’ असं त्या मला पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. मी वैतागले. ‘अहो, कोहळं दिसलं म्हणून कोहळं म्हणाली, ती काय हत्ती म्हणेल?’ पण दुसऱ्या दिवशी सोजराबाई दाराशी आली तेव्हा मीही हातातलं काम टाकून भिंतीआडून पाहत राहिले, हे सांगायला हवं. तिने टोपली उचलली, रिकामी केली आणि ती पुढच्या दाराला गेली.

उन्हाळ्यात खड्डे उपसले. खत भरून जानेफळकडच्या गाड्या आमच्या आळीवरून गेल्या तेव्हा अन्नपूर्णाबाई खिडकीचा गज धरून उभ्या होत्या. शेवटची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशा मला म्हणाल्या, ‘गेल्या बाई. गेल्या एकदाच्या.’

चिंतामणरावांचा खोकला त्या पावसाळ्यात गेला. इंजेक्शनं थांबली, गोळ्या तेवढ्या राहिल्या. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी नवा फोटो उजेडात धरून पाहिला आणि छाती साफ असल्याचं सांगितलं. गालांवर मांस आलं, कचेरीतला कोट पुन्हा अंगावर बसू लागला. आता तरी बाई हसतील असं मला वाटलं. पण हसायला वेळ मिळालाच नाही, कारण दिवाळी झाली आणि शैलजाला जानेफळचं स्थळ आलं.

स्थळ खरोखर चांगलं होतं. गुलाबराव म्हणजे ओलिताची शेती, भरलेलं घर, बोलण्यात रगेल पण मनाने उघडा माणूस. मुलगा निवृत्ती शेतकी शाळेत शिकून आलेला आणि शैलजाशी बोलताना लाजणारा. मुलगी पाहिली, पसंत केली. उठता उठता गुलाबरावांनी सहज विचारावं तसं विचारलं, ‘घरान्यात काही दुखनंभानं तं नाई ना?’

उत्तर दिलं ते अन्नपूर्णाबाईंच्या भावाने, पुंजाजींनी. ते अमडापूरचे, आणि त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. ‘आमच्या बहिनीच्या घरात शिंक बी मुहूर्त पाहून येते!’ असं म्हणून ते मांडीवर थाप मारून हसले. सगळे हसले. चिंतामणराव जमिनीकडे पाहत राहिले. अन्नपूर्णाबाई सुपारीचं तबक तसंच हातात धरून उभ्या राहिल्या, ते मी पुढे होऊन घेतलं.

आता गोष्ट नुसती झाकण्याची राहिली नव्हती, खोटं बोलण्याची झाली होती. मी त्यांना म्हटलं, सांगून टाका. बरे झालेत ना आता? त्यावर त्यांनी आधी शैलजा कुठे आहे ते पाहून घेतलं. मग म्हणाल्या, ‘सांगतलं तं मोडन. नाई सांगतलं अन् मागून समजलं, तं पोरीले नांदवतीन काय? मले तं दोन्हीकून खाई दिसते.’ खरंच होतं ते. एकीकडे शैलजा कशिद्याच्या चौकटीवर गुणगुणत बसलेली असायची, आणि दुसरीकडे अन्नपूर्णाबाई तिच्याकडे पाहून डोळे पुसायच्या.

माघात आम्ही जानेफळला घर पाहायला गेलो. रीत असते तशी. मुलीकडची माणसं जाऊन घर, विहीर, गोठा पाहून येतात आणि मग साखरपुड्याची तिथी धरतात. चिंतामणराव कचेरीचं निमित्त सांगून आले नाहीत. पुंजाजी, अन्नपूर्णाबाई आणि त्यांनी हट्टाने बरोबर घेतलेली मी. एस.टी.त त्या खिडकीशी बसल्या होत्या आणि वाटेतल्या प्रत्येक देवळाला हात जोडत होत्या.

घर मोठं होतं, सारवलेलं, स्वच्छ. पुरुष ओसरीवर बसले, आम्ही उंबऱ्याच्या आत. गुलाबरावांची बायको गीताबाई, उंच, सावळी, कमी बोलणारी, आमच्यापुढे गुळपाणी ठेवून बसली होती. बाहेरचं बोलणं सगळं ऐकू येत होतं. शेताची गोष्ट निघाली, हरभऱ्याची निघाली, आणि पुंजाजींनी पिकाची तारीफ केली तसे गुलाबराव खुलले.

‘हे सारं तुमच्या बहिनीच्या गावच्या खताचं काम हाय,’ ते म्हणाले. ‘जोरदार खत. पन एक सांगतो पुंजाजी, त्यात भुतं निंगतात!’

‘भुतं?’

‘मंग! मांगच्या उन्हायात गडी खत पसरून राह्यले, अन् फावड्याखाली काय आलं? केसात गुंडायेल शिशी. एक नाई, दोन नाई, निंगतच राह्यल्या. बाईचे लांबच्या लांब केस. गडी फावडे फेकून पयाले. करनी! मी वावरात नारय फोडला, निंबू कापलं, अन् म्हनलं, ज्या कोनं हे केलं त्याच्या घराचं वाटोयं होवो!’

पुंजाजी ‘अरे बापरे’ म्हणाले. अन्नपूर्णाबाईंनी माझा दंड धरला, त्यांची नखं मला पोलक्यातून रुतली. वाटोळं व्हायचं ते घर उंबऱ्याच्या आत बसून गुळपाणी पीत होतं. मला एकदा वाटलं की आता ही बाई इथेच चक्कर येऊन पडणार. त्यांचा अंबाडा, तो एवढा मोठा अंबाडा, मला अचानक साऱ्या घराला दिसत असल्यासारखा वाटला आणि मी उगाच त्यांचा पदर डोक्यावरून पुढे ओढला.

गीताबाई हे पाहत होत्या की नाही, कळलं नाही. त्या उठल्या. ‘चाला बाई, अंदर चाला. चुलीपाशी बसू. या मानसाइच्या गोष्टी सरत नाई.’

स्वयंपाकघरात उजेड कमी झाला होता. दिवेलागणीची वेळ जवळ आली होती आणि गीताबाईंनी संध्याकाळचं काम मांडून ठेवलं होतं. रॉकेलची बाटली, कापसाच्या वाती, आणि फळीवर ओळीने चिमण्या. चिमण्या म्हणजे अंगठ्याएवढ्या काचेच्या बाटल्या, बुचाच्या जागी पत्र्याची चकती आणि तिच्यातून वर आलेली वात. अन्नपूर्णाबाई दारातच थांबल्या. मी त्यांना मागून हलकेच ढकललं, कारण थांबणं जास्त वाईट दिसलं असतं.

‘बसा,’ गीताबाई म्हणाल्या, आणि आमच्या नजरा कुठे आहेत ते पाहून हसल्या. ‘हे ते भुतं. आमचे हे लोकाइले सांगत फिरतात. पन करनीबिरनी काही नाई. गडी पयाले तवा मीनं एक उचलली, केस सोडले, तं इंजेक्शनची बाटली. मले वयखू आली. माह्या भावाले ह्याच देत होते माहेरी. टीबी होता त्याले.’

आम्ही दोघी चुलीपाशी बसलो.

‘उशिरा सुरू केलं. नाई वाचला.’ त्यांनी एका चिमणीत रॉकेल ओतायला घेतलं. ‘माही माय बाटल्या गोठ्यात पुरत होती, लोकाइच्या भेवानं. म्हनून मले लगेच समजलं का हे एखांद्या बाईचं काम हाय. घरात मानूस दुखन्यानं पडेल, अन् ही बाई बाटली वाजू नये म्हनून आपले केस गुंडायत बसली. कशी बसली असन बापा एकटी? मले लई वाईट वाटलं. त्याइनं फेकून दे म्हनलं, पन मले फेकवल्या नाई. धुतल्या अन् चिमन्या केल्या. रोज दिवा लावतानी मनात येते, कोन जाने, त्या बाईचं मानूस वाचलं का नाई.’

चुलीवर चहा उकळत होता. मी अन्नपूर्णाबाईंकडे पाहिलं नाही. मनातल्या मनात मी त्यांना सांगत होते, गप्प बसा, फक्त गप्प बसा, चहा पिऊ आणि निघू. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणालाही कधीही कळणार नव्हतं. सगळा धोका टळला होता, आणि आयुष्यभर काळजी करणाऱ्या त्या बाईला एकदाच, फक्त एकदाच, काहीही न करता सुटता येत होतं.

‘वाचले,’ अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

गीताबाईंचा हात थांबला. रॉकेल चिमणीतून वर येऊन फळीवर सांडलं.

‘चांगले हायेत आता,’ अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, आणि एकदा सुटल्यावर त्यांना थांबता येईना. ‘कचेरीत जातात. डॉक्टरनं फोटो काढला, छाती साफ हाय म्हने. मी उकयून टाकल्या होत्या हो बाई हरेक बाटली, तुमच्या गड्याइले काही झालं तं नाई ना? बैलाइले? पुंजाजीभाऊले काही मालूम नाई, तो खोटं नाई बोलला. पोरगी धडधाकट हाय माही, तिले कधी खोकला बी नाई. तुमी मोडा पाह्यजे तं, पन तिच्यावर बट्टा नका लावू.’ मग त्यांनी डावा हात पुढे केला आणि तळव्यावरचा वण दाखवला. तो कशाला दाखवला ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

गीताबाईंनी तो वण पाहिला. मग वर पाहिलं, पदर मागे सरकला होता त्या अंबाड्याकडे. ओसरीवरून गुलाबरावांचं हसणं ऐकू आलं, आणि गीताबाई उठून दाराशी गेल्या. आता नवऱ्याला हाक मारणार, असं मला वाटलं. शैलजाचं कशिद्याची चौकट मांडीवर घेऊन गुणगुणणं मला आठवलं. गीताबाईंनी बाहेर एक नजर टाकली, दार लोटून घेतलं आणि त्या परत येऊन आमच्यापुढे बसल्या.

‘त्याइले मी सांगीन,’ त्या म्हणाल्या. ‘नारय फुकट गेला म्हनून चिडतीन जरा. माहा भाऊ गेला तवा खांदा त्याइनंच देल्ला होता. समजतीन.’

त्यांनी फळीवरची भरलेली चिमणी घेतली, पदराने पुसली आणि अन्नपूर्णाबाईंपुढे ठेवली. वर काड्यापेटी ठेवली.

‘घ्या ईनबाई,’ त्या म्हणाल्या. ‘आज हा दिवा तुमी लावा.’

ईन म्हणजे विहीण. तोवर त्या नुसत्या बाई होत्या. साखरपुडा नव्हता, तिथी नव्हती, कुणी सुपारी फोडली नव्हती, आणि तो शब्द त्या बाईने साधेपणाने बोलून टाकला. अन्नपूर्णाबाई रडू लागल्या. माझेही डोळे भरून आले. पहिली काडी विझली, दुसरीही विझली. तिसरीला गीताबाईंनी त्यांच्या हाताभोवती आपला हात धरला, तेव्हा वात पेटली.

ज्योत उंच झाली. अन्नपूर्णाबाईंनी डोळे पुसले, तिच्याकडे नीट पाहिलं, आणि त्यांच्या कपाळाला जुनी ओळखीची आठी पडली.

‘वात लई वर झाली का हो?’ त्या म्हणाल्या. ‘काजयी धरन.’

काजळीची असली साधी काळजी त्या किती दिवसांनी बोलून दाखवत होत्या. मी मुकाट्याने पुढे होऊन वात जरा खाली ओढली.